आठ पूर्णांक एक नॉट

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
६ ऑक्टोबर

तुषार,

आशीर्वाद वगैरे पुढच्या वेळी. आज मी भांडायला बसले आहे.

फोनवर तुझ्याशी नीट भांडता येत नाही. तू म्हणतोस, "वहिनी, आवाज तुटतोय," आणि तो खरंच तुटतो की तू तोडतोस हे मला कळत नाही. शिवाय आपलं घर केवढंसं. बाहेर बोललेलं आतल्या खोलीत तुझ्या भावाला ऐकू जातं. म्हणून करोंदला मंडीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुटीत ही मेल लिहिते आहे. खिडकीबाहेर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागली आहे आणि डबा तसाच न उघडता पडला आहे.

जहाजांचा नकाशा दाखवणारं ते अॅप तूच माझ्या फोनवर टाकून दिलंस. "वहिनी, हा ठिपका म्हणजे मी," असं म्हणाला होतास. तर कालपासून तुझ्या ठिपक्यावर बोट ठेवलं की वेग येतो आठ पूर्णांक एक नॉट. ब्राझीलहून निघताना तू काय सांगितलं होतंस? जहाज तेरा नॉटने चालतं, ऑक्टोबर संपायच्या आत कांडला, दोन दिवसांत भोपाळ. मी विश्वासाने डॉक्टरांना तसं सांगून आले. आठ नॉट म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर. इथे मंडीत येणारा ट्रॅक्टरसुद्धा याहून पळतो.

समुद्रावर माणसाला विसर पडत असावा, म्हणून पुन्हा एकदा सांगते. हेमंतच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आईंना बीपी आणि मला साखर, म्हणून आम्हा दोघींना डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं. तुझी किडनी जुळली. गेल्या सुटीत सगळ्या तपासण्या झाल्या तेव्हा तू म्हणाला होतास, "वहिनी, ही दादाचीच आहे, माझ्याकडे नुसती ठेवायला दिली होती." मी तेव्हा रडले होते. आता त्या रडण्याची मला लाज वाटते.

ऑपरेशनची तारीख बारा नोव्हेंबर मिळाली आहे. त्याआधी तुझ्या काही तपासण्या पुन्हा होतील, आणि तुम्ही दोघांनी हॉस्पिटलच्या समितीसमोर बसून सह्या करायच्या आहेत. देणाऱ्याचीही सही लागते आणि घेणाऱ्याचीही. देणारा आठ नॉटने येतो आहे.

आणि मला एक सांग. तुमचं जहाज साँटोस बंदराच्या बाहेर साखर भरायची वाट बघत महिनाभर नांगर टाकून उभं होतं. तुझी मुदत तिथेच संपली होती. तिथून विमान नव्हतं का?

एक किडनी गेल्यावर जहाजावरची नोकरी राहील की नाही, याचा तुला घोर असेल. असेल तर तसं स्पष्ट म्हण. मी तुझ्या तोंडावर दार लावणार नाही. पण आठ नॉटच्या आड लपू नकोस.

मंजूषा

---

आफ्रिकेच्या दक्षिणेला, समुद्रात
८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,
सा. न.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी आठवीत होतो. तेव्हापासून तुझी बोलणी खाल्ली आहेत, पण "लपतोस" आजपर्यंत कधी म्हणाली नव्हतीस. ते लागलं.

तुझ्या फोनवरचा आकडा खोटा नाही. तो अर्धा आहे. जहाजाला दोन वेग असतात. जहाजाच्या तळाला एक यंत्र असतं, त्याला आम्ही लॉग म्हणतो. पाणी जहाजाखालून किती वेगाने मागे जातं ते लॉग सांगतो. पूर्वी फळीला गाठी मारलेला दोर बांधून पाण्यात सोडायचे आणि किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे, त्याचंच हे आजचं रूप. दुसरा वेग उपग्रहावरून कळतो, तो जमिनीच्या हिशेबाने. तुझ्या अॅपवर फक्त हा दुसरा येतो. आत्ता ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, माझ्यासमोर दोन्ही आकडे आहेत. लॉगवर साडेअकरा, उपग्रहाचा आठ.

मधले साडेतीन कुठे गेले? आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने आगुल्हास नावाचा एक प्रवाह खाली वाहत येतो. आम्हाला त्याच्या तोंडावरून वर जायचं आहे. दादा आणि मी होशंगाबादला नर्मदेत पोहायचो. कधीकधी धारेविरुद्ध हात मारून मारून खांदे भरून यायचे आणि मान वळवून बघावं तर बाजूला घाटाची तीच पायरी. दादा काठावरून ओरडायचा, "अरे, हात मार!" मी हातच मारत असायचो. तू आत्ता दादासारखीच काठावरून ओरडते आहेस.

लॉगवर तेराच्या जागी साडेअकरा का, तेही विचारशील. साँटोसच्या कोमट पाण्यात महिनाभर उभं राहिल्यामुळे जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्या चिकटल्या आहेत. तळ खडबडीत झाला की इंजिनाने तेवढाच जोर लावला तरी जहाज तेवढं पळत नाही. ते खरवडायला पाणबुडे लागतात, आणि त्यांना भर समुद्रात बोलावता येत नाही.

सगळं धरून आता दोन नोव्हेंबरला कांडला असं दिसतं. तपासण्यांना वेळ पुरेल.

नोकरीचा घोर मला अजिबात नाही असं म्हणणार नाही. पण घोर आहे म्हणून मी पाण्यात लपलेलो नाही. साँटोसचं समोर आल्यावर बोलू. तिथली कारणं वेगळी होती.

दादाला हे सगळं वाचून दाखवू नकोस. उगाच काळजी करेल.

तुझा
तुषार

---

भोपाळ
११ ऑक्टोबर

तुषार,

दोन वेग समजले. मी मंडीत नोकरी करते, मला शिकवावं लागत नाही. इथे भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, मग रिकामी चढते, आणि वजाबाकी करून धान्य किती ते कळतं. ट्रॉलीचं वजन धरून कोणी शेतकरी भांडायला लागला तर आम्ही त्याला समजावून सांगतो. तुझा लॉग म्हणजे भरलेली ट्रॉली. मला निव्वळ धान्य हवं आहे. तू पाण्यातून साडेअकराने पळ नाहीतर वीसने पळ, हेमंतला त्याचा काय उपयोग? भोपाळ जमिनीवर आहे.

आणि आज त्या जमिनीच्या हिशेबाने तुझा वेग पाच पूर्णांक सहा आहे.

परवा इथे काय झालं ते ऐक. डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी हेमंतला दम लागायला लागला. आधी म्हणाला गॅस आहे. मग झोपता येईना, उशा रचून बसला. मग ओठांचा रंग बदलला. शेजारच्या हेमलताजींच्या मुलाने गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये डायलिसिसवाला मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाभीजी, पानी फेफड़ों में आ गया था. आधा घंटा और रुकतीं तो..."   आई बाहेरच्या बाकावर बसून पदराची चुणी करत होत्या.

दोन तास मी त्याचा हात धरून होते. दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर तुझा ठिपका. तो जागचा हलत नव्हता. मला इतका राग आला की ठिपक्याला नखाने टोचून बघितलं. वेडेपणा आहे, मला माहीत आहे. पण राग कोणावर काढू, ते तरी सांग. हेमंतवर काढता येत नाही, त्याच्या अंगात सुया आहेत. देवावर काढून झाला.

तुझ्या पत्रात "साँटोसची कारणं वेगळी होती" असं एक वाक्य आहे. मी ते दहा वेळा वाचलं. मला आता एवढंच दिसतं की तुला उतरायची संधी होती आणि तू उतरला नाहीस. उरलेलं सगळं शेवाळ आहे.

मंजूषा

---

समुद्रात, दरबानच्या पूर्वेला
१४ ऑक्टोबर

वहिनी,

उत्तराला उशीर झाला कारण तीन दिवस इथे कोणी खुर्चीत बसू शकत नव्हतं.

तुझ्या पाच पूर्णांक सहाची गोष्ट सांगतो. प्रवाह खाली वाहत होता आणि नैऋत्येकडून वादळी वारा वर चढून आला. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा पसरत नाहीत, उभ्या राहतात. भिंतीसारख्या, एकामागे एक, मधे खड्डा. मागून लाट आली की जहाजाचा मागचा भाग वर उचलला जातो, जहाज ढकलणारा पंखा पाण्याबाहेर येतो आणि मोकळा गरगर फिरतो. तेव्हा इंजिन जोरात चालवलं तर सगळं तुटून हातात येईल. म्हणून कॅप्टनने वेग कमी केला आणि जहाज प्रवाहाच्या बाहेर, लांब दक्षिणेकडून वळवून घेतलं. समुद्र किती चढला आहे हे सांगणारं यंत्र आमच्याकडे नाही. ब्रिजवर उभं राहून डोळ्यांनी ठरवावं लागतं, फेस कुठून कुठे उडतो, लाटेचा माथा कसा फुटतो ते बघून. ते मी ठरवत होतो. माझ्या शब्दावर बावीस माणसं होती. तुझ्या ठिपक्याला लाटा दिसत नाहीत, म्हणून तो तुला आळशी दिसतो.

मला राग आला आहे, वहिनी, आणि तो मी लपवणार नाही. मी साँटोसला शेवाळ चिकटवून घेतलं, मी आगुल्हास उलटा फिरवला, मी वादळ मागवलं, असं तू लिहितेस. तू घाबरली आहेस हे मला कळतं. पण दादाशी परवा मी सॅटेलाइट फोनवर बोललो. तो म्हणाला जरा दम लागला होता, मंजूने धावपळ केली, आता ठीक आहे. त्याचा आवाज चांगला होता, चेष्टा करत होता. आणि शेवटी डॉक्टर जानेवारीपर्यंत थांबायला तयार आहेतच. दोन नोव्हेंबरच्या जागी सहा झाली तर आभाळ कोसळत नाही.

आता वारा पडला आहे. लॉग बारा, जमिनीवर साडेअकरा. आज रात्री माझ्या नावाने एक घोट पाणी जास्त पी, दादासारखं तुला मोजून प्यायचं नाही.

तुषार

---

भोपाळ
१५ ऑक्टोबर

तुषार भावोजी यांस,

जानेवारी कोणी सांगितलं?

मला तुमचं वादळ नको, वारा नको, लॉग नको. एका प्रश्नाचं उत्तर द्या. जानेवारी हा शब्द कोणाच्या तोंडून आला?

तीन ऑक्टोबरला डॉक्टरांसमोर आम्ही दोघं बसलो होतो. हेमंत माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. डॉक्टरांनी हृदयाच्या सोनोग्राफीचा कागद समोर ठेवून सांगितलं की हृदयावर ताण यायला लागला आहे, नोव्हेंबरच्या पुढे ऑपरेशन नेलं तर कदाचित ऑपरेशन झेपण्याच्या स्थितीत हे नसतील. हिंदीत सांगितलं, मग आम्हाला समजलं का ते विचारलं. हेमंत "जी, समझ गया" म्हणाला. आमच्या घरात जानेवारी हा शब्द कोणीच काढलेला नाही.

तेव्हा तुम्ही खोटं बोलत आहात, किंवा दुसरं कोणी.

आणि एक. हे मी तुम्हाला सांगणार नव्हते, पण आता सांगते. सोमवारी मी तुमच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला मेल पाठवली. सगळं लिहिलं. भावाला किडनी द्यायची आहे, तारीख ठरली आहे, तपासण्या झाल्या आहेत, आणि जहाज रखडत चाललं आहे. शेवटी असंही लिहिलं की तुमचा अधिकारी स्वतःहून उतरत नसेल तर त्याला उतरवा. माझ्या फोनवरच्या आकड्यांचे फोटो जोडले. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

मंजूषा

---

समुद्रात
१६ ऑक्टोबर

वहिनी,

पश्चात्ताप नाही ना? मग ऐक.

काल दुपारी कॅप्टनने मला केबिनमध्ये बोलावलं. त्याच्या स्क्रीनवर तुझी मेल होती, मुंबईहून पुढे पाठवलेली. "तुमचा अधिकारी स्वतःहून उतरत नसेल तर," हे वाक्य त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत आचाऱ्यापासून चीफ इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. जेवायला बसलो तर चीफ इंजिनिअर ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

कंपनीने काय लिहिलं तेही सांगतो. जानेवारीत मला दुसऱ्या जहाजावर चीफ ऑफिसर, कॅप्टनच्या खालोखालचा, म्हणून पाठवणार होते. बारा वर्षं मी त्या एका शब्दासाठी राबलो. ते आता रद्द. ऑपरेशननंतर त्यांचे डॉक्टर तपासतील, मग बघू, असं लिहिलं आहे. बघू म्हणजे काय हे तुझ्या ऑफिसात तुलाही माहीत असेल. मी त्यांना हे सगळं माझ्या पद्धतीने, योग्य वेळी सांगणार होतो. तू ते फोटो जोडून सांगितलंस. आठ पूर्णांक एकचे फोटो! ज्या समुद्राशी मी हातापायाने झगडत होतो, त्याचा पुरावा तू माझ्याविरुद्ध दिलास.

आता जानेवारी. ऐकायचं होतं ना, ऐक. साँटोसला माझ्या जागेवर येणारा माणूस आला होता. त्याची बॅग जहाजावर चढायच्या शिडीवर, गँगवेवर होती. आदल्या दिवशी दादाचा फोन आला. म्हणाला, "तुषार, उतरू नकोस. डॉक्टर जानेवारीपर्यंत थांबायला तयार आहेत. तू मुदत वाढवून घे, बढतीचं पत्र हातात पडू दे, मग ये. मंजूला सांगू नकोस, ती उगाच घाबरते." मी कंपनीला सांगून मुदत वाढवली. तो माणूस दुसऱ्या जहाजावर गेला. मी दादाचं ऐकलं, लहानपणापासून ऐकतो. बाबा गेल्यानंतर दुसऱ्या कोणाचं ऐकायचं होतं?

तू म्हणतेस नोव्हेंबरच्या पुढे नाही. तो म्हणतो घाई नाही. तुमच्यापैकी एक माझ्याशी खोटं बोलत आहे, आणि तुझी पत्रं आता पुन्हा वाचल्यावर ती तू नाहीस असं मला वाटायला लागलं आहे. मला त्याच्यावर इतका राग आला आहे की मी त्याला फोन लावणार नाही.

कंपनीने जहाज मॉरिशसकडे वळवायला सांगितलं आहे. एकवीस तारखेला पोर्ट लुईच्या बाहेर लाँच येईल, त्यात मला उतरवतील. तुझ्या मेलमुळेच. आता काय म्हणू?

दादाला विचार. मला लिही.

तुषार

---

१८ ऑक्टोबर
(तुझ्या औषधांच्या डब्याखाली ठेवते आहे.)

हेमंत,

एकाच घरात राहून कागदावर लिहिते, कारण बोलायला गेले तर माझा आवाज कोटऱ्याच्या चौकापर्यंत जाईल आणि आज धनतेरस आहे, लोक दिवे लावत आहेत.

तुषारने सगळं लिहिलं. जानेवारीचं, साँटोसचं, "मंजू उगाच घाबरते"चं.

दोन आठवडे मी त्या पोराला भित्रा म्हटलं. लपणारा म्हटलं. खोटारडासुद्धा म्हटलं. त्याच्या कंपनीत त्याची अब्रू काढली, त्याची बढती घालवली. आणि तू आतल्या खोलीत पडून ऐकत होतास. मी दर अर्ध्या तासाने फोन उघडून त्या ठिपक्याला शिव्या द्यायचे तेव्हा तू म्हणायचास, "अगं, समुद्र आहे, होतं असं." तुला माहीत होतं! मी आफ्रिकेतल्या प्रवाहाला दोष देत होते, आणि पाणी उलटं वाहत होतं ते माझ्या घरात, त्या पलंगावरून.

डॉक्टर बोलले तेव्हा तू "समझ गया" म्हणालास. मी शेजारी होते. मला वाटलं तुला धक्का बसला म्हणून तेवढंच बोललास. मी घरी येऊन तुला सरबत दिलं, मोजून अर्धा कप. तू मनात काय ठरवलं होतंस त्या वेळी? की आपण हळूहळू जाऊ, आणि मंजूला शेवटी कळेल?

तू तुझ्या भावाची नोकरी वाचवत होतास. माझं काय वाचवणार होतास? मी पंचेचाळीस वर्षांची आहे. आईंना मी काय सांगणार होते? की तुमच्या मोठ्याने धाकट्याच्या बढतीसाठी जीव दिला, पेढे वाटू का?

मला तुझा इतका राग आला आहे की आज सकाळी तुझी चपाती लाटताना मी लाटणं ओट्यावर आपटलं. तू विचारलंस काय पडलं. मी म्हटलं काही नाही. हे पडलं.

उत्तर दे. कागदावर दे. तोंडाने तू मला गोड बोलून फसवतोस.

मंजूषा

---

(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला)

मंजू,

फसवलं. खरं आहे. दोघांना फसवलं. पण का ते ऐकशील का, आरडाओरडा न करता?

बाबा गेले तेव्हा तुषार दहा वर्षांचा होता. मी कारखान्यात नुकताच लागलो होतो. त्याला मोठ्या तलावात पोहायला मी शिकवलं, पोटाखाली हात धरून. बाहेर येऊन तो विचारायचा, "दादा, समुद्र याच्यापेक्षा किती मोठा असतो?" मीही तोवर समुद्र पाहिला नव्हता. ज्या गावातून समुद्र आठशे किलोमीटर लांब आहे त्या गावातून तो पोरगा समुद्रावर गेला. मी त्याला बोर्डिंगच्या वेळी मुंबईला सोडायला गेलो होतो, तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. ते त्याच्यामुळे.

आणि आता मी त्याला सांगू, ये, आडवा हो, पोट फाड, आणि मग तुला जहाजावर घेतात की नाही ते देव जाणे? त्याचं आयुष्य मी माझ्या पोटात शिवून घेऊ? मी अठ्ठेचाळीस वर्षं जगलो. तो छत्तीसचा आहे. त्याचं लग्नसुद्धा झालेलं नाही.

तुझं काय वाचवणार होतो, असं विचारलंस.  रात्री तेच घेऊन पडलेला असतो.

पण सही माझी लागते. तो आला तरी समितीसमोर मी नाही म्हणणार आहे. घेणाऱ्याने नको म्हटलं तर कोणी जबरदस्ती करू शकत नाही. तुला हवं तितकं लाटणं आपट.

हेमंत

---

पोर्ट लुई, विमानतळ
२२ ऑक्टोबर

दादा,

वहिनीने तुमच्या कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवले. त्याखाली तिने एकच ओळ लिहिली होती, "आता तू बोल." म्हणून हे पत्र तुला, आणि हे पत्र नमस्काराचं नाही.

आधी तुला सांगतो मी कसा उतरलो. काल सकाळी जहाजाचा वेग कमी केला, लाँच बाजूला लागली, समुद्रात मोठी उसळ होती. जहाजाच्या बाजूने दोराची शिडी सोडतात. लाँच वर येते तेव्हा पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचं. बॅग आधी सोडली. कॅप्टनने वरून हात केला. चीफ इंजिनिअर, जो आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता, तो ओरडला, "भाई को बोलना, ठीक हो जाए." मी लाँचमध्ये पडलो, अक्षरशः पडलो. वर बघेपर्यंत पंखा जोरात फिरायला लागला होता. दहा मिनिटांत जहाज एवढंसं झालं.

बारा वर्षं मी जहाजावरून किनारे लांब जाताना बघितले. जहाज लांब जाताना पहिल्यांदा बघितलं. मी त्या लाँचमध्ये बसून तुझ्या नावाने इतक्या शिव्या दिल्या की चालवणारा म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. त्याला मराठी येत नव्हतं, पण शिव्या कळल्या.

आता हिशेब ऐक, कारण तुझा हिशेब चुकला आहे. तू माझी नोकरी वाचवायला खोटं बोललास. ती नोकरी आता नाही. बढतीवर दुसरा माणूस गेला. कंपनीला सगळं कळलं आहे. माझ्या जागेवरच्या माणसाला मॉरिशसहून चढवलं. हे तू नको म्हण किंवा हो म्हण, बदलणार नाही. तू सही केलीस तर मी एका किडनीचा, तपासणीची वाट बघणारा माणूस होईन. ते डॉक्टर घेतील तर घेतील, नाही घेतलं तर बंदरावर काम आहे, शिकवायचं काम आहे. तू सही नाही केलीस तर मी दोन किडन्यांचा बेकार माणूस होईन. तुझ्याच घरात राहीन. तुझ्या पलंगासमोर खुर्ची टाकून बसेन आणि तुझ्यासमोर दिवसातून चार वेळा मोठा तांब्याभर पाणी पिईन. आणि तू गेल्यावर मी पुन्हा कुठल्याच जहाजावर चढणार नाही, हे आत्ता लिहून देतो. ज्या माणसाने मला पाण्यात उभं राहायला शिकवलं, त्याला बुडू देऊन मी कोणत्या समुद्रावर जाऊ?

मग तू काय वाचवलंस ते मला सांग. मला ते आकड्यांत सांग, तू इंजिनिअर आहेस.

तू मला विचारलं नाहीस. एकदाही विचारलं नाहीस, "तुषार, तुला काय हवं आहे?" मी छत्तीस वर्षांचा आहे असं तूच लिहितोस आणि निर्णय दहा वर्षांच्या पोराचा घ्यावा तसा घेतोस. माझ्या पोटाखालचा हात काढ. मला पोहता येतं.

मुंबईहून रात्रीची गाडी पकडतो, उद्या दुपारी भोपाळला पोहोचतो. स्टेशनवर कोणी येऊ नका.

तुषार

---

भोपाळ
२२ ऑक्टोबर

तुषार,

पत्र मंजूने मला मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा. दुसऱ्या वेळी आईही येऊन बसली.

ये. सही करतो.

पण समितीतले लोक विचारतात, हे तुम्ही कोणाच्या दबावाखाली करताय का. मी खोटं बोलणार नाही. सांगणार आहे, दोघांच्या.

हेमंत